वैद्यकीय प्रवेशाची तागडी आणि पदवीचे गुण

(महोत्सवी वर्षात भरलेल्या पालक व तरुण मंडळींच्या सभेत धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत धर्मगुरू बोलावयास उभा राहिला म्हणजे तो आता जुन्या दिवसांच्या आठवणी सांगणार, देणगीदारांचे आभार मानणार आणि तरुणांस चार उपदेशाचे शब्द ऐकविणार, असे सर्वांनीच गृहीत धरलेले असते. ही तीनही कामे आज माझ्याहून योग्य वक्त्यांनी केली आहेत. म्हणून मी एक अगदी व्यवहारातला विषय निवडला आहे. तो रुक्ष वाटेल. परंतु आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांत जेवणाच्या पाटावर जो प्रश्न रोज निघतो, तोच हा आहे, यास्तव आपण तो सहनशीलतेने ऐकून घ्याल अशी आशा आहे.

गेल्या उन्हाळ्यात, रविवारची मिस्सा आटोपल्यावर, एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन मजकडे आले. मुलगी बावीस वर्षांची. बारावीच्या वर्षी वडिलांची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. सहा महिने इस्पितळाच्या ओसरीवर पुस्तक उघडून तिने जेमतेम अभ्यास केला. पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र मिळून तिला शंभरांत चौपन्न गुण पडले. पुढे तिने बी.एस्सी. केले आणि त्यात ब्याऐंशी टक्के मिळविले. तिने मला पुसले, "फादर, मला डॉक्टर व्हावयाचे आहे. माझे बी.एस्सी.चे गुण धरतील ना? की आधी एम.एस्सी. करून घेऊ, म्हणजे बारावीचा डाग पुसला जाईल?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नाने मी दचकलो. कारण हाच प्रश्न मला पूर्वी एकदा विचारण्यात आला होता आणि त्या वेळी मी दिलेले उत्तर चुकीचे होते.

तो मुलगा २०१० साली बारावी झाला. गुण बेताचे. मी त्यास म्हणालो, "बाळ, घाई कशाला? चांगले बी.एस्सी. कर, जमल्यास एम.एस्सी. कर. वरचे गुण पाहून खालचे कोण विचारतो?" मी हे अंतःकरणापासून बोललो, परंतु अज्ञानाने बोललो. आमच्या सेमिनरीत तसेच असे. प्रथम तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान. जो विद्यार्थी तत्त्वज्ञानात मागे पडे, त्यास ईशज्ञानाच्या वर्षांत आपली पत सुधारता येई, आणि रेक्टर महाशय अखेर त्याची सर्व वर्षे डोळ्यांसमोर ठेवून निर्णय देत. जगातील सगळ्या शाळा अशाच चालतात, असे मी धरून चाललो. मुलाने माझे ऐकले. २०१५ साली तो एम.एस्सी. झाला. तेव्हा त्यास कळले की वैद्यकीय प्रवेशाच्या यादीत त्या पाच वर्षांच्या गुणांस एका गुणाचेही वजन नाही. दोन वर्षे त्याने प्रवेश-परीक्षा दिली. पदार्थविज्ञान विसरून गेले होते. आणि २०१८ साली वयोमर्यादेचा नियम आला तेव्हा त्याने पंचविशी ओलांडली होती. आज तो एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, प्रामाणिकपणे काम करतो आणि मला भेटला की आदराने हात जोडतो. त्याने मला कधी दोष दिला नाही. म्हणूनच मला तो अधिक लागतो.

तेव्हा या मुलीस उत्तर देण्यापूर्वी मी नियम वाचले, जाणत्यांस विचारले, आणि जे समजले ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम सरळ उत्तर. आपल्या देशात एम.बी.बी.एस.च्या प्रवेशासाठी बी.एस्सी. किंवा एम.एस्सी.चे गुण मोजले जात नाहीत. बारावीचे गुण देखील क्रम लावण्यासाठी मोजले जात नाहीत. बारावीत पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून ५० टक्के, आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांस ४० टक्के, इतकी अट आहे. ती पुरी झाली की पुढे सर्व काही राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेवर, म्हणजे आपण ज्यास 'नीट' म्हणतो त्या परीक्षेवर अवलंबून. २०२५ साली या परीक्षेत १८० प्रश्न होते: ४५ पदार्थविज्ञानाचे, ४५ रसायनाचे, ९० जीवशास्त्राचे. प्रत्येक बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. एकंदर ७२० गुण आणि तीन तासांचा अवधी. त्या तीन तासांत जे हाती येईल, त्यावर क्रम लागतो.

आपण कापसाच्या मुलुखातील माणसे आहोत, म्हणून त्याच भाषेत सांगतो. बाजार समितीच्या फाटकातून गाडी आत येणे निराळे आणि काट्यावर तिचे वजन होणे निराळे. बारावीचे गुण हे फाटक आहे. चौपन्नवाला आणि चौऱ्याण्णववाला, दोघेही त्यातून सारखेच आत येतात. काटा आहे तो नीटचा. बी.एस्सी.चा उल्लेख नियमांत आहे खरा; विज्ञानाचे ठराविक विषय घेऊन पदवी झालेला विद्यार्थी, त्याने बारावीस ते तीन विषय व इंग्रजी घेतलेले असल्यास, परीक्षेस बसू शकतो. परंतु तोही उल्लेख फाटकाजवळचा आहे, काट्याजवळचा नव्हे.

हे असे का झाले? त्याची हकीकत थोडक्यात सांगतो.

आपल्या वऱ्हाड-नागपूर भागात एके काळी डॉक्टर होण्याच्या दोन वाटा होत्या. मॅट्रिक झालेला मुलगा नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये जाऊन परवानाधारक वैद्य होई. आणि ज्यास एम.बी.बी.एस. व्हावयाचे असे तो कॉलेजात इंटर सायन्स करून पुढे जाई. म्हणजे शिक्षणाच्या निरनिराळ्या पायऱ्यांवरून निरनिराळ्या योग्यतेचे डॉक्टर तयार होत. १९४६ साली भोर समितीने शिफारस केली की देशात एकाच दर्जाचा डॉक्टर असावा. १९४७ साली नागपूरचे सरकारी मेडिकल कॉलेज निघाले. परवान्याची वाट बंद होत गेली आणि इंटरचे गुण हेच माप ठरले. १९७० च्या दशकात दहा अधिक दोन अशी रचना आली तेव्हा इंटरची जागा बारावीने घेतली. पुढे वीसएक वर्षे महाराष्ट्रात बारावीच्या तीन विषयांचे गुण हाच काटा होता, आणि अर्ध्या गुणासाठी घरोघर अश्रू ढाळले गेले. शतक संपता संपता राज्याने स्वतःची सामायिक प्रवेश-परीक्षा सुरू केली. तिकडे देशपातळीवर, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार, काही जागांसाठी अखिल भारतीय परीक्षा १९८८ पासून चालू होती. २०१३ साली पहिली नीट झाली. त्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द केली. २०१६ साली तो निर्णय मागे घेण्यात आला, आणि पुढे हळूहळू एकच परीक्षा सर्वांस लागू झाली.

या बदलामागील विचार समजून घेतल्यावाचून त्यास नावे ठेवणे बरे नव्हे. महाराष्ट्र मंडळाचे ८० गुण आणि दुसऱ्या एखाद्या मंडळाचे ८० गुण हे एकाच वजनाचे असतात काय? एका विद्यापीठाची बी.एस्सी. आणि दुसऱ्याची बी.एस्सी. एका मापाने मोजता येईल काय? कोठे परीक्षक सढळ, कोठे कंजूष. कोठे प्रात्यक्षिकाचे गुण कॉलेजच्याच हाती. गुणपत्रिका निरनिराळ्या गावांच्या मापांनी भरलेल्या आहेत, म्हणून सर्वांचे धान्य एकाच मापाने पुन्हा मोजावे, असा हा युक्तिवाद आहे. त्यात न्यायबुद्धी आहे, हे मान्य केले पाहिजे. श्रीमंताच्या नामांकित शाळेची गुणपत्रिका आणि आपल्या सिंदी मेघ्यातील मुलाची गुणपत्रिका तेथे भिंतीबाहेरच राहतात.

परंतु एकच माप घेतले म्हणजे जे त्या मापात मावत नाही ते सांडते. त्याचे उदाहरण पाहावयास दूर जाणे नको; आपल्या वर्ध्याच्या एका अंगास सेवाग्राम आहे आणि दुसऱ्या अंगास सावंगी. सावंगीचे वैद्यकीय महाविद्यालय १९९० चे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, डॉ. सुशीला नायर यांनी काढले. खेड्यासाठी डॉक्टर तयार करावयाचे हा तिचा हेतू. त्या संस्थेची स्वतःची प्रवेश-परीक्षा असे, आणि तीत विज्ञानाच्या विषयांबरोबर गांधीविचारांचाही एक पेपर असे. आपणांपैकी काहींच्या मुलांनी त्या पेपरासाठी गांधीजींची पुस्तके वाचल्याचे मला ठाऊक आहे. कोणी म्हणेल, चार महिने पुस्तक घोकून कोणी सेवाभावी होत नाही. ते खरेच आहे. परंतु आम्हांस कशा प्रकारचा डॉक्टर पाहिजे, हे एक संस्था दारातच सांगत होती. नीट सर्वत्र लागू झाली आणि तो पेपर तागडीतून गेला. संस्थेने आपले नवागतांचे आश्रमातील शिबिर व खेड्यांत जाण्याची रीत राखली. परंतु ते प्रवेशानंतरचे शिक्षण झाले, प्रवेशाचे माप राहिले नाही.

आपल्या ख्रिस्ती संस्थांनाही हाच अनुभव आला. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने १९६३ साली बंगळुरास स्थापिलेले सेंट जॉन्स, यांच्याही स्वतःच्या परीक्षा व मुलाखती असत. अल्पसंख्याक संस्थांस आपली निवडपद्धती राखता यावी, असे वेल्लोरचे म्हणणे होते. २९ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की नीट त्यांसही लागू आहे. सबब आपल्यापैकी कोणी अजून असे मानीत असेल की 'फादरांची चिठ्ठी नेली, मुलाखत झाली, बी.एस्सी.चे गुण दाखविले की काम होईल', तर तो भ्रम येथेच सोडावा. माझी चिठ्ठी आपला बाप्तिस्मा सांगू शकते. आपला क्रम नव्हे.

आता पुढची पायरी. एम.बी.बी.एस. झाल्यावर एम.डी. किंवा एम.एस.साठी प्रवेश घेताना तरी पहिल्या पदवीचे गुण धरतात काय? एके काळी धरीत. वैद्यक परिषदेच्या २००० सालच्या नियमावलीत निवडीचे जे मार्ग सांगितले होते, त्यांत एम.बी.बी.एस.च्या पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या परीक्षेतील एकत्रित कामगिरी हा एक मार्ग होता. मात्र त्या परीक्षा एकाच विद्यापीठाच्या असाव्यात, अशी अट होती. अट का, ते आपण मघाच पाहिले. पुढे पदव्युत्तर नीट आली आणि तेथेही साडेचार वर्षांच्या गुणपत्रिका बाजूस राहिल्या. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. दुर्गम व अवघड भागांत सरकारी सेवा केलेल्या डॉक्टरांस दर वर्षास दहा टक्के, जास्तीत जास्त तीस टक्के, अधिक गुण देण्याची मुभा त्या नियमांत पुढे ठेवण्यात आली. आणि सेवाग्रामने तर १९९२ पासून असा नियम केला की तेथील पदवीधरास तेथेच पुढे शिकावयाचे असल्यास त्याने आधी दोन वर्षे खेड्यात सेवा केलेली असावी. परीक्षेखेरीज दुसरे काही तागडीत टाकता येते, ते हे: केलेली सेवा. ती मोजता येते. आणि तिच्यापासून रोग्याचा प्रत्यक्ष लाभ झालेला असतो.

परदेशांत काय चालते, तेही पाहू. कारण आपल्यापैकी काहींची भावंडे अमेरिकेत आहेत आणि त्यांच्या पत्रांतून निराळ्याच गोष्टी कळतात. अमेरिकेत वैद्यक हे पदवीनंतरचे शिक्षण आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने १८९३ साली वैद्यकशाळा उघडताना प्रवेशेच्छू हा पदवीधर असला पाहिजे अशी अट घातली, आणि हळूहळू ती देशाची रीत झाली. म्हणून तेथे पदवीचे गुण मोजतात, आणि त्यांबरोबर एक सामायिक परीक्षाही असते. तेथील बहुतेक वैद्यकशाळांचे अर्ज ज्या मध्यवर्ती केंद्रातून जातात, ते केंद्र पहिल्या पदवीचे गुण एका रकान्यात आणि पदव्युत्तर गुण दुसऱ्या, वेगळ्या रकान्यात मांडते. दोहोंची सरासरी एक करीत नाही. पदवी झाल्यानंतर एखाद्याने पदवीच्याच पातळीचे आणखी विषय घेतले, तर ते पहिल्या रकान्यात मिळविले जातात, एम.एस्सी.चे मात्र दुसऱ्याच रकान्यात राहतात. आणि सामान्यतः वजन अधिक पडते ते पहिल्या रकान्याचे. कारण पदव्युत्तर वर्गांत विषय थोडे असतात, गुण बहुतेकांस चांगलेच मिळतात, आणि त्यावरून माणसामाणसांतील अंतर कळत नाही. म्हणजे पाहा, ज्या देशात पदवीचे गुण मोजतात, त्या देशातही वरच्या पदवीने खालच्या पदवीचा डाग धुतला जात नाही. आणखी एक गोष्ट आपल्या मुलांनी जाणून असावी: भारतातील बी.एस्सी.चे गुण त्या केंद्राच्या गणनेत धरले जात नाहीत.

इंग्लंडात बहुतेक मुले शाळेतूनच वैद्यकाकडे जातात. तथापि पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगळा अभ्यासक्रमही आहे. लंडनच्या सेंट जॉर्जेस येथे तो २००० साली सुरू झाला. ऑस्ट्रेलियात तशी वाट त्याही आधी निघाली. तेथे चांगल्या वर्गातील पदवी हे फाटक, आणि वेगळी परीक्षा व मुलाखत हा काटा. आपल्या देशात पदवीधरांसाठी अशी निराळी वाट नाही; बावीस वर्षांची मुलगी आणि सतरा वर्षांचा मुलगा एकाच बाकावर तीच प्रश्नपत्रिका सोडवितात.

येथे आपल्याच एका मराठी भगिनीची आठवण होते. कल्याणास जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अठराव्या वर्षी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांच्यापाशी पदवी नव्हती. अर्जाच्या पत्रात त्यांनी आपली तळमळ सांगितली आणि त्या कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्यांस दार उघडले. त्या दिवसांत एका माणसाने दुसऱ्या माणसाचे पत्र वाचून निर्णय घेतला. आज २०२४ च्या नीटला २३ लाखांहून अधिक मुले बसली आणि एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आतच होत्या. इतकी पत्रे कोण वाचणार, आणि वाचणाऱ्याच्या मनात वशिल्यास थारा मिळणार नाही याची हमी कोण देणार? सर्वांस एकच मोजमाप लावण्यामागे हीही भीती आहे, आणि ती निराधार नाही.

तथापि हे माप निर्दोष आहे, असे मी म्हणणार नाही. त्याच २०२४ साली काही ठिकाणी प्रश्नपत्रिका फुटल्याचे उघडकीस आले. न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द केली नाही, परंतु लाखो घरांची झोप उडाली. शिकवणी-वर्गांची फी ज्यास परवडते त्याचा सराव अधिक, हे तर आपण नागपूर-लातूरकडे पाहून जाणताच. आणि माझ्या मते सर्वांत मोठी उणीव ही की आजारी बापाच्या उशाशी बसून चौपन्न गुण मिळविणे आणि मग तीन वर्षे चिकाटीने ब्याऐंशीपर्यंत चढणे, या चढणीस त्या काट्यावर काही जागा नाही. उत्तम डॉक्टरास जी चिकाटी लागते ती याच चढणीत दिसते. परंतु काट्यास ती दिसत नाही. ही खंत आपण सरकारदरबारी मांडावी. ती मांडण्याचा आपल्यास हक्क आहे. मात्र खंत मांडणे निराळे आणि ती दूर झालीच आहे असे समजून मुलांस वाटेला लावणे निराळे. मी दुसरे केले. त्याचे फळ दुसऱ्याने भोगले.

एक समाधानाची गोष्टही सांगतो. ज्या वयोमर्यादेने त्या मुलाची आशा संपविली, ती पुढे गेली. २०१८ साली सर्वसाधारण विद्यार्थ्यांस पंचवीस व राखीव प्रवर्गांस तीस अशी मर्यादा घातली होती. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने मोठ्या वयाच्या उमेदवारांस परीक्षेस बसू दिले. अखेर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मर्यादाच काढून टाकण्याचे ठरविले आणि मार्च २०२२ मध्ये ते जाहीर झाले. द्राक्षमळ्यात संध्याकाळी आलेल्या मजुराची गोष्ट आपण सर्व जाणता. तेव्हा उशिरा येणाऱ्यास आता दार बंद नाही. मात्र त्याच्या पूर्वीच्या श्रमांबद्दल त्यास काही जास्त मिळेल, अशीही आशा नको.

आता पालकांस माझे चार शब्द.

पहिली गोष्ट: बारावी हे नुसते फाटक असले तरी फाटकच आहे. तीन विषयांत मिळून आवश्यक टक्के पडलेच पाहिजेत. शिवाय महाराष्ट्राच्या वाट्याच्या जागांसाठी, काही अपवाद वगळता, दहावी व बारावी याच राज्यातून झालेली असावी लागते. शिकवणीच्या मोहाने मुलास बारावीसाठी परराज्यात धाडणाऱ्यांनी हे आधी पाहावे. बी.एस्सी. कोठे केली, यास तेथे महत्त्व नाही.

दुसरी गोष्ट: ज्याने बारावीस जीवशास्त्र सोडून गणित घेतले आणि आता पस्तावा झाला आहे, त्याने धीर सोडू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने सांगितले की बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यासही परीक्षेस बसता येईल.

तिसरी गोष्ट: पदवी हातात असलेल्या मुलाने पुन्हा प्रयत्न करावयाचा असेल तर अवश्य करावा, परंतु किती वर्षे, हे आधी ठरवून. अभ्यास अकरावी-बारावीच्याच पुस्तकांचा आहे. बी.एस्सी.चे ज्ञान जीवशास्त्रात थोडे उपयोगी पडेल. पदार्थविज्ञान मात्र पुन्हा मुळापासून करावे लागते, हे त्या बिचाऱ्या मुलाने मला सांगितले.

चौथी गोष्ट, आणि हीच मला मुख्यत्वे सांगावयाची आहे: एम.एस्सी. करावयाची असेल तर एम.एस्सी.साठीच करावी, बारावीची भरपाई म्हणून करू नये. ज्या दारांवर पदवीचे गुण खरोखर मोजतात, अशी दारे आहेत, आणि रुग्णसेवेची आहेत. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन यांत वैद्यकीय महाविद्यालयांतूनच एम.एस्सी. होता येते. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम पदवीधरांसाठीच असतो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तो आहे. प्रयोगशाळेत रक्त तपासणारा मनुष्य चुकला तर मोठ्या डॉक्टराचेही निदान चुकते. ही कामे डॉक्टरकीत नापास झालेल्यांची कामे आहेत, असे जे आपण घरात बोलतो, ते बोलणे आपण बंद केले पाहिजे. मुले ते ऐकतात.

त्या मुलीचे काय झाले, असे आपण विचाराल. मी तिला जे आज सांगितले तेच सांगितले, आणि माझ्या जुन्या चुकीची गोष्टही लपविली नाही. तिचे वडील बराच वेळ खाली पाहत बसले. मुलगी मात्र म्हणाली, "फादर, म्हणजे ब्याऐंशीचे काही नाही आणि चौपन्नचेही काही नाही. मग मी आणि बारावीची पोरे सारखीच." तिच्या बोलण्यात मला निराशा दिसली नाही. तिने एक वर्ष स्वतःस दिले आहे. सकाळी एका शाळेत शिकविते, दुपारी जुनी पुस्तके घेऊन आपल्याच धर्मग्रामाच्या सभागृहात अभ्यासास बसते. वर्ष संपल्यावर क्रम लागला तर उत्तम. न लागल्यास सार्वजनिक आरोग्याकडे जावयाचे, हे तिने आणि तिच्या वडिलांनी मिळून ठरविले आहे, आणि ते कागदावर लिहून मजपाशी ठेवावयास दिले आहे. ती आजही या सभेत बसलेली आहे. तिचे नाव मी सांगणार नाही, आणि आपणही शोधू नये.

महोत्सवाच्या निमित्ताने आपण धर्मग्रामाच्या वास्तूची डागडुजी केली, घंटा नवी बसविली, हे सर्व योग्यच झाले. माझी एक विनंती आहे. सभागृहाचा एक कोपरा अशा मुलांसाठी दिवा, पंखा व टेबल यांसह कायमचा राखून ठेवावा. आणि आपल्यातील जी मंडळी सेवाग्राम व सावंगीच्या इस्पितळांत नोकरीस आहेत, त्यांनी महिन्यातून एक सायंकाळ तेथे बसून मुलांस खरे नियम सांगावेत, म्हणजे पुढच्या धर्मगुरूवर माझ्यासारखा अज्ञानाने सल्ला देण्याचा प्रसंग येणार नाही.